पाहुण्यांचे पुतळे, यजमान हद्दपार

ज्यांनी खाऊ घातलं, घोडे दिले, वाट दाखवली, त्यांना त्यांच्याच मुलखातून हाकलायचं आणि जे खाऊन-पिऊन पुढे गेले त्यांचे पुतळे उभारायचे. लुईस आणि क्लार्क यांच्या वाटेवर अमेरिकेने हे केलं आहे आणि अजून करते आहे. मिसुरी नदीपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत ही वाट मी गाडीने पालथी घातली आहे. रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. पण दर काही मैलांनी जी तपकिरी पाटी लागते, त्या दोन टोपीवाल्या आकृत्यांची, एकाने हात पुढे करून दिशा दाखवलेली, ती पाहून माझं डोकं फिरतं. त्या दोघांना दिशा ठाऊक नव्हती. ती दुसऱ्यांनी दाखवली, आणि दाखवणाऱ्यांचं पुढे काय झालं हे ती पाटी सांगत नाही.

ज्यांना ही हकिकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मग मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क हे दोन लष्करी अधिकारी चाळीसेक माणसं घेऊन १४ मे १८०४ रोजी मिसुरीच्या प्रवाहाविरुद्ध निघाले, पॅसिफिक गाठून २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतले. १९७८ मध्ये त्यांच्या वाटेला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. आता ती पिट्सबर्गपर्यंत वाढवून ४,९०० मैलांची झाली आहे. इथली आपली मराठी कुटुंबंही हल्ली शाळांना सुट्टी लागली की या वाटेचा एखादा तुकडा करतात. मुलं नॅशनल पार्कच्या पासपोर्टात शिक्के मारून घेतात, ज्युनियर रेंजरचा बिल्ला छातीवर लावतात. बिल्ल्याशी माझं भांडण नाही. त्या बिल्ल्यासोबत मूल जे शिकून घरी जातं, त्याच्याशी आहे. ते शिकतं की पलीकडे निर्मनुष्य रान होतं आणि दोन शूर कप्तानांनी त्यातून वाट काढली.

रान निर्मनुष्य नव्हतं. उत्तर डकोटात नाइफ नदीच्या काठी मॅन्डन आणि हिडात्सा लोकांची गावं होती आणि त्या गावांची मिळून लोकसंख्या त्या वेळच्या सेंट लुईसपेक्षा जास्त होती. मका, घेवडा, भोपळा यांची शेती, दूरदूरच्या टोळ्यांशी व्यापार, मातीची मोठमोठी गोल घरं. १८०४-०५ चा हिवाळा कप्तानांच्या तुकडीने या गावांच्या शेजारी काढला. पारा उणे चाळीसच्या खाली गेला होता. शिकार पुरेना. मग तुकडीच्या लोहारांनी भट्टी पेटवली आणि मक्याच्या बदल्यात कुऱ्हाडी घडवून द्यायला सुरुवात केली. लुईसच्या रोजनिशीत एक नोंद आहे: जळून निकामी झालेली एक लोखंडी शेगडी त्यांनी फोडली, तिच्या पत्र्याचे चार-चार इंचांचे तुकडे केले आणि एकेका तुकड्याला सात-आठ गॅलन मका मिळाला. हा मका तिथल्या बायकांनी पेरलेला, खुडलेला, वाळवून जमिनीखालच्या पेवांत साठवलेला होता. त्या पेवांवर ही मोहीम जगली. मॅन्डनांच्या शेहेके नावाच्या मुखियाने त्यांना शब्द दिला होता की आमच्याकडे खायला असेल तर तुम्हालाही मिळेल. त्याने तो पाळला.

आता त्या यजमानांचं काय झालं ते पाहा. १८३७ मध्ये मिसुरीवरून व्यापारी आगबोटीतून देवी आल्या आणि मॅन्डन जवळजवळ संपले. जे उरले ते हिडात्सा आणि अरिकारा यांच्यासोबत एकत्र राहिले, फोर्ट बर्थोल्ड नावाच्या राखीव मुलखात. नदीकाठची काळी जमीन त्यांनी पुन्हा कसली. मग सरकारने मिसुरीवर गॅरिसन धरण बांधायला घेतलं. १९४८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये कागदांवर सह्या झाल्या. त्या क्षणाचा फोटो आहे आणि तो मी त्यांच्या संग्रहालयात जवळून पाहिला आहे. गृहखात्याचा मंत्री टेबलाशी बसून सही करतो आहे. भोवती सूट घातलेली माणसं उभी आहेत. त्यांच्यात जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट आहेत, रेघारेघांचा कोट, आणि एका हाताने चेहरा झाकून ते रडताहेत. बाकीच्यांपैकी कुणीही त्यांच्याकडे बघत नाही.

१९५३ मध्ये धरणाची दारं बंद झाली. दीड लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली, बहुतेक कुटुंबं उठली. एल्बोवुड्स हे त्यांचं मुख्य गाव बुडालं, शाळा बुडाली, इस्पितळ बुडालं. त्या इस्पितळाच्या बदल्यात दवाखाना उभा राहायला २०११ साल उजाडलं. आणि एवढं सगळं ज्या पाण्यात गेलं त्या तलावाला नाव दिलं सकागावेआचं, हिडात्सांच्या गावातून मोहिमेबरोबर गेलेल्या त्या शोशोनी मुलीचं. तलावावरच्या फोर बेअर्स पुलावरून मी गेले तेव्हा शेजारच्या पार्किंगमध्ये एक कुटुंब बोटीला हुक लावत होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो नाव देणाऱ्यांवर. कोयना, उजनी, मुळशी ज्यांनी पाहिलं आहे त्या मराठी माणसाला मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही की धरणग्रस्ताच्या बुडालेल्या गावावर त्याच्याच घरातल्या मुलीचं नाव कोरणं हा सन्मान नसतो.

हे मी आमच्या मंडळाच्या सहलीत बोलले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “अहो वहिनी, फिरायला गेला होतात ना? दोनशे वर्षांपूर्वीचं उकरून आता काय मिळणार?”

मी त्यांना विचारलं, “काका, १९५३ ला तुमचं वय काय होतं?”

ते शाळेत होते. म्हणजे हे दोनशे वर्षांपूर्वीचं नाही. या वाटेवरची सगळ्यात मोठी लबाडी हीच आहे: कप्तानांची सफर जुनी, म्हणून तिच्यामागून आलेला अन्यायही जुना, असं लोक धरून चालतात. अन्यायाच्या तारखा १८७७, १९०७, १९५३, १९५७, २००२ अशा आहेत, आणि त्यातली शेवटची तर आपल्यापैकी अनेकजण व्हिसा घेऊन इथे पोहोचल्यानंतरची आहे.

आणि आपण मराठी माणसांनी तरी कप्तानांच्या बाजूला जाऊन उभं राहावं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. लुईस आणि क्लार्क निघायच्या दोन वर्षं आधी, १८०२ मध्ये, मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. तो १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. ज्यांनी अर्ध्या टनाची दुर्बीण डोंगरावर चढवली, साखळ्या ओढल्या, झेंडे धरून टेकड्यांवर रात्री काढल्या आणि तापाने मेले, त्या खलाशांची नावंसुद्धा आपल्याला सापडत नाहीत. म्हणजे खलाशी कोण आणि साहेब कोण हे आपल्याला घरचं माहीत आहे. मग विमानातून उतरल्यावर आपण ते विसरतो कसे? इथल्या साहेबाची गोष्ट ऐकताना आपली मान खलाशाकडे वळत का नाही?

सकागावेआकडे वळू. शोशोनी मुलगी, बारा वर्षांच्या आसपास हिडात्सांनी पळवून आणलेली, शार्बोनो नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने बायको करून घेतलेली. ११ फेब्रुवारी १८०५ ला तिला मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत ते बाळ पाठीला बांधून ती पॅसिफिकच्या वाटेला लागली. मोहीम संपल्यावर शार्बोनोला पाचशे डॉलर आणि ३२० एकर जमीन मिळाली. तिला काही मिळालं नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क, जो सगळ्यांच्या बरोबरीने बंदूक घेऊन, होड्या ओढत समुद्रापर्यंत गेला, त्यालाही काही मिळालं नाही. त्याने बायकोजवळ राहू द्या, मोकळं करा म्हणून विनवलं, तेव्हा क्लार्कने नकार दिला, मारलं आणि तसं भावाला पत्रातून कळवलंही. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर कप्तानांना एक सागरी पाणमांजराच्या कातड्याचा झगा आवडला. विकणारा निळ्या मण्यांशिवाय ऐकेना. निळे मणी होते फक्त सकागावेआच्या कमरपट्ट्यात. तो पट्टा देऊन झगा घेतला. पट्टा तिचा स्वतःचा होता, आणि कप्तानांना हौस होती. बदल्यात तिला एक निळ्या कापडाचा कोट दिला, असं रोजनिशीत लिहिलं आहे.

तिच्या माहेरी मी मुद्दाम गेले. मोंटाना आणि आयडाहोच्या सीमेवर लेमहाय खिंड आहे, सात हजार फुटांच्या वर, खडीचा रस्ता, एका वेळी एकच गाडी जाईल अशी वळणं. १२ ऑगस्ट १८०५ ला लुईस इथे चढला, पलीकडे मोठी नदी दिसेल या आशेने, आणि त्याला दिसले डोंगरामागे डोंगर. घोडे नसते तर मोहीम इथेच संपली असती. घोडे शोशोनींकडे होते. त्यांचा मुखिया कॅमेआवेट हा सकागावेआचा भाऊ निघाला. त्याची माणसं उपाशी होती, त्यांना रानगव्यांच्या शिकारीला खाली उतरायचं होतं. लुईसने शब्दाला जागा म्हणत त्यांना थांबवून घेतलं. ते थांबले. उपाशी राहून त्यांनी पाहुण्यांचं सामान खिंडीपलीकडे नेलं, एकोणतीस घोडे विकले आणि पुढची वाट दाखवायला एक अनुभवी म्हातारा सोबत दिला. भाऊ-बहीण जिथे भेटले तो मोहिमेचा तळ आज एका जलाशयाखाली आहे. जलाशयाचं नाव क्लार्कच्या नावावरून.

खिंडीच्या पायथ्याशी टेंडॉय नावाची चार घरांची वस्ती लागते. टेंडॉय हा लेमहाय शोशोनींचा नंतरच्या काळातला मुखिया. गोऱ्यांशी कधी लढला नाही, उलट सांभाळून राहिला. १८७५ मध्ये त्यांना या खोऱ्यात राखीव मुलूख मिळाला. १९०७ मध्ये तो काढून घेतला आणि माणसांना दोनशे मैलांवरच्या फोर्ट हॉलला नेऊन सोडलं. त्याच वर्षी टेंडॉय वारला. खोऱ्यात त्याचं नाव राहिलं, सॅमन गावात सकागावेआच्या नावाचं केंद्र आहे, आणि २००० पासून तिचा चेहरा अमेरिकेच्या डॉलरच्या नाण्यावर आहे. तिच्या माणसांना मात्र आजतागायत वेगळी जमात म्हणून केंद्र सरकारची मान्यता नाही. चेहरा चालतो, माणसं चालत नाहीत. नाण्यावर तिला घेणाऱ्या सरकारला मी निर्लज्ज म्हणते आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

वाटेतल्या एका माहिती केंद्रात वीस मिनिटांची चित्रफीत दाखवतात. तिच्यात सकागावेआ आहे, बाळ आहे, सूर्यास्त आहे. चित्रफीत संपल्यावर मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, तिची माणसं आता कुठे असतात? तो भला माणूस गडबडला, त्याने नकाशाकडे पाहिलं आणि मला एक पत्रक दिलं. पत्रकात मासेमारीच्या जागा होत्या. त्याचा दोष नाही. त्याला जे शिकवलं तेच तो सांगणार.

पुढे लोलो खिंड. महामार्ग क्रमांक १२ वर तिथे ती प्रसिद्ध पाटी आहे: पुढचे ९९ मैल वळणांचा रस्ता. मोटारसायकलवाले तिच्यासोबत फोटो काढतात. याच डोंगरांत सप्टेंबर १८०५ मध्ये तुकडीने भुकेने शिंगरं मारून खाल्ली. पलीकडे वायपच्या माळावर उतरले तेव्हा माणसं उभी राहत नव्हती. नेझ पर्स लोकांनी त्यांना सुकवलेला सॅमन आणि कॅमसचे कंद दिले. ठरवलं असतं तर या मूठभर आजारी माणसांना संपवून त्यांच्या बंदुका घेणं सोपं होतं. त्यांच्या आठवणीनुसार वाटकुवाईस नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं की यांना मारू नका. मारलं नाही. होड्या कोरायला मदत केली, घोडे हिवाळाभर सांभाळले, वसंतात परत दिले.

याच डोंगरातून १८७७ मध्ये तेच लोक उलट दिशेने पळाले. १८५५ च्या तहात त्यांना दिलेला मुलूख १८६३ मध्ये एक दशांशावर आणला होता, आणि ज्यांनी त्यावर सही केली नव्हती त्यांनाही घरं सोडायला सांगितलं. सातशे-आठशे माणसं, त्यात म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, पाठीमागे सैन्य. ९ ऑगस्टला पहाटे बिग होल इथे झोपलेल्या तंबूंवर गोळीबार झाला. बायका-मुलं मेली. ५ ऑक्टोबरला, कॅनडाची हद्द चाळीस मैलांवर असताना, ते शरण आले. परत आयडाहोला नेऊ असं वचन देऊन त्यांना कॅन्ससला पाठवलं. नेझ पर्स सांगतात की त्या कैद्यांमध्ये एक सत्तरीचा म्हातारा होता, विल्यम क्लार्कचा मुलगा, आणि तो परमुलखात कैदेतच मेला. बापाला ज्या लोकांनी वाचवलं, त्यांच्याबरोबरच मुलालाही हाकललं. महामार्ग १२ वरच्या मोटारसायकलवाल्यांना हे सांगणारी पाटी ९९ मैलांच्या त्या पाटीएवढी मोठी का नाही?

क्लार्कबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. परतल्यावर तो सेंट लुईसला इंडियन लोकांच्या कारभाराचा अधिकारी झाला आणि १८३८ मध्ये मरेपर्यंत तहामागून तह करून जमिनी काढून घेत राहिला. आपल्याकडे याला खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. त्याने ते मोजले, काढले आणि विकले.

कोलंबिया नदीवर थांबण्यासारखं आता फार उरलेलं नाही. सेलायलोचा धबधबा, जिथे हजारो वर्षं सॅमन पकडला जात होता आणि जिथे मोहिमेने बाजार भरलेला पाहिला, तो १० मार्च १९५७ ला डॅल्सच्या धरणात काही तासांत बुडाला. तिथे उभं राहिलं की सपाट पाणी दिसतं आणि मालगाडी जाते.

किनाऱ्यावरच्या फोर्ट क्लॅटसॉपबद्दल मात्र बोलणारच. १८०५-०६ चा दुसरा हिवाळा तुकडीने इथे पावसात काढला, क्लॅटसॉप आणि चिनूक लोकांच्या शेजारात, त्यांच्याकडून मासे आणि कंद विकत घेत. निघताना होडी कमी पडत होती. क्लॅटसॉप किमतीवर ऐकत नव्हते. मग मार्च १८०६ मध्ये कप्तानांनी त्यांची एक होडी चोरली. तुमच्या माणसांनी आमचं हरणाचं मांस नेलं होतं, हे कारण दिलं. त्या मांसाची भरपाई क्लॅटसॉपांनी आधीच केली होती. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

चिनूकांनी १८५१ मध्ये सरकारशी तह केला. सिनेटने तो कधी मंजूर केला नाही, पण जमीन गेली. तह मंजूर नाही म्हणून राखीव मुलूख नाही आणि मान्यताही नाही. वर्षानुवर्षं कागद रंगवल्यावर जानेवारी २००१ मध्ये मान्यता मिळाली. जुलै २००२ मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या द्विशताब्दीचा समारंभ व्हाइट हाउसमध्ये झाला, चिनूकांच्या अध्यक्षांना त्याचं निमंत्रण होतं, ते गेले. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी सरकारने त्यांची मान्यता रद्द केली. द्विशताब्दीभर सरकार एक तंबू घेऊन गावोगाव फिरलं, त्यात आदिवासी वक्त्यांना बोलायला बोलावलं. तंबूत बोलू दिलं आणि कागदावर नाकारलं. अशा समारंभाची मला घृणा वाटते.

२०११ मध्ये क्लार्कच्या वंशजांनी चिनूकांना, ज्यांच्यात क्लॅटसॉपही मोडतात, एक होडी नव्याने बनवून दिली, दोनशे पाच वर्षांपूर्वीच्या चोरीची भरपाई म्हणून. एका कुटुंबाला जे कळलं ते देशाच्या सरकारला अजून कळलेलं नाही.

हल्ली कुणी मला या वाटेची आयटिनररी मागितली की मी ती देते, पण माझ्या पद्धतीने. न्यू टाउनला मॅन्डन, हिडात्सा आणि अरिकारा या तीन जमातींचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस द्या. लेमहाय खिंड करा आणि तिथून फोर्ट हॉलपर्यंत गाडी न्या, म्हणजे १९०७ मध्ये माणसांना किती लांब नेलं ते कळेल. बिग होलचं रणांगण टाळू नका, मुलांना घेऊन जा. शेवटी वॉशिंग्टन राज्यात बे सेंटर नावाचं छोटं गाव आहे, तिथे चिनूकांची कचेरी आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, मतदान करता, त्यांनी घरी आल्यावर फोटो टाकण्याआधी आपल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला एक पत्र लिहा. चिनूक आणि लेमहाय शोशोनी यांना मान्यता देण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. कायदा करून ती देता येते. पत्रात एवढंच लिहा आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा.